सोन्याच्या कंपनीची चौकशी

भंडारदऱ्याला लोक धरण बघतात, पाण्याकडे पाठ करून फोटो काढतात, गरम भजी खातात आणि परत येतात. मी आणि माझी मोठी बहीण अक्का दसऱ्यानंतरच्या शनिवारी तिकडे गेलो ते एका माणसाचा चेहरा वाचायला. धरण वाटेत लागलं म्हणून बघितलं. तुमच्यापैकी जे अजून गेले नसतील त्यांनी जरूर जावं. फक्त शेअर बाजार घरी ठेवून जावं.

आम्हा दोघांकडे एका कंपनीचे शेअर होते. ही कंपनी कर्नाटकातल्या एका कोरड्या माळावर सोनं शोधत होती. नुसतं शोधत होती. सापडलं असतं तर मला कशाला कुणाचे चेहरे वाचत हिंडावं लागलं असतं? जमिनीत खोल भोकं पाडायची, दगडाच्या लांब कांड्या वर काढायच्या, त्या तपासायला पाठवायच्या आणि मग चकचकीत कागदावर कळवायचं, की निकाल उत्साहवर्धक आहेत. एवढ्यावर माझा उत्साह वाढायचा. आता पुढच्या खोदाईला पैसे कमी पडले, तेव्हा कंपनीनं जुन्या भागधारकांना आणखी शेअर स्वस्तात देऊ केले. याला राइट्स इश्यू म्हणतात. मुदत सोमवारपर्यंत होती.

माझे पैसे बुडाले असते तर फार तर बायकोनं वर्षभर टोमणे मारले असते, आणि त्यांची मला सवय आहे. अक्काचं तसं नव्हतं. ती राहुरीत वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते, एकटी. शाळेतून निवृत्त झाली आणि गुडघेदुखीनं उचल खाल्ली. तिचा एक प्लॉट होता, तो विकला नगरला सावेडीत आमच्याजवळ लिफ्ट असलेला फ्लॅट घ्यायला. पैसे थोडे कमी पडले. ते वाढावेत म्हणून निम्मे तिनं माझ्यासोबत या कंपनीत घातले. उरलेले निम्मे सोमवारची वाट बघत बँकेत बसले होते. घालायचे की नाही, हे तिला ठरवायचं होतं, आणि ठरवायला तिच्याजवळ मी होतो. यावरून परिस्थिती किती गंभीर होती ते लक्षात यावं.

अशा वेळी माझ्या डोक्यात एक कल्पना आली. आमच्या सोसायटीत एक निवृत्त तलाठी आहेत. त्यांच्या ओळखीतला एक मुलगा, संदीप, नेमका त्याच कंपनीत भूवैज्ञानिक. गाव भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला. दसऱ्याच्या सुट्टीला घरी आलेला. फोनवर कंपनीचा माणूस काही बोलणार नाही, नियम असतात. पण समोर बसल्यावर? चहा पिताना? मी तलाठ्यांना बजावलं, "शेअरचा शब्दसुद्धा काढू नका. नुसतं सांगा, नगरचे पाहुणे येतायत, मुलाला भेटायचंय, त्याच्या नोकरीची थोडी चौकशी करायचीय."

तलाठी माझ्याकडे जरा बघत राहिले. मग म्हणाले, "एवढंच सांगू?"

"एवढंच," मी म्हणालो. स्वतःच्या हुशारीवर मी इतका खूश होतो, की त्यांच्या बघण्याचा अर्थ लावायचं राहून गेलं.

राहुरी

अक्का जिना उतरत होती तेव्हा मी खाली गाडीपाशी उभा होतो. एक पायरी, थांबा. कठडा, पायरी, थांबा. मी वर जाऊन हात द्यायला लागलो तर म्हणाली, "तू नको मध्ये येऊस, दोघं पडू."

राहुरी सोडली की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस. पाथर्डी-शेवगावकडच्या तोडणीवाल्या टोळ्या निघाल्या होत्या. ट्रॅक्टरच्या मागच्या ट्रॉलीत संसार, वर शेळी, शेळीशेजारी म्हातारी, आणि म्हातारीच्या कानाला मोबाईल. कोल्हारला प्रवरेच्या पुलावर गाडी कोंडीत अडकली तेव्हा अक्कानं विचारलं, "एक टन दगडातून सोनं निघतं किती?"

"चांगली खाण असली तर दोन-तीन ग्रॅम."

"म्हणजे ट्रॉलीभर दगड फोडायचा आणि हाती काय, तर बाळाच्या कानातलं?"

"तसंच असतं ते. भाव बघ ना सोन्याचा."

"भाव दिसतो रे. ट्रॉलीही दिसते. कानातलंच कुठे दिसत नाही."

संगमनेर जाईस्तोवर मी तिला दर, साठा, खोली असं समजावत राहिलो. त्यातलं निम्मं मला वाचून पाठ होतं आणि उरलेलं समजलेलं नव्हतं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "आणि तो मुलगा खरं नाही बोलला तर?"

"चेहऱ्यावर दिसतंच की."

"तुला?" ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

राजूर

अकोले सोडलं की हवा बदलते. आपल्याकडचा भुरा माळ संपतो, डोंगर अंगावर यायला लागतात आणि उसाच्या जागी भाताची खाचरं दिसतात. भात पोटरीतून बाहेर आलेला, पिवळसर झाक धरलेला. डोंगरउतारावर सोनकीची फुलं सरत आली होती, तरी पट्टेच्या पट्टे उरले होते. एरवी मी गाडी थांबवून वा वा केलं असतं. त्या दिवशी पिवळं काही दिसलं की मला फक्त सोमवार आठवायचा.

राजूरला पेढे चांगले मिळतात. अक्का म्हणाली, "रिकाम्या हातानं कुणाच्या घरी जायचं नाही." पेढ्यांचा मोठा खोका घेतला. मग शेजारच्या दुकानातून नारळ. मग तिला वाटलं, मुलाची आई असेल, म्हणून एक खण. मीही मागे राहिलो नाही, मुलासाठी टॉवेल-टोपी घेतली.

"टोपी कशाला? आजकालचा मुलगा," अक्का म्हणाली.

"मान दिल्यासारखं वाटतं. माणूस मोकळा होतो."

दुकानदारानं सगळं पिशवीत भरत विचारलं, "कुठं, धरणाकडं, शेंडीला का? शुभ काम दिसतंय."

"शुभच म्हणायचं," मी म्हणालो.

धरणाच्या वर

धरणाची भिंत मागे टाकून रस्ता पाण्याच्या कडेकडेनं जातो. पाणी काठोकाठ होतं, काळंनिळं, ढगांची सावली पडली की एकदम शिशासारखं. वाडी पाण्यापासून जरा वर. संदीपचं घर कौलारू, पुढे अंगण, आणि अंगण इतकं ताजं सारवलेलं की चप्पल ठेवायला जीव होईना. ओळीनं प्लॅस्टिकच्या लाल खुर्च्या मांडलेल्या. इतक्या खुर्च्या एका घरात नसतात. शेजारच्या ओट्यावर चार बायका काहीतरी निवडत बसल्या होत्या आणि त्यांच्या सुपात काहीच नव्हतं.

"लोक फार अगत्याचे," मी अक्काला हळूच म्हणालो.

संदीपला वडील नाहीत. घरात आई आणि चुलते, त्यांना सगळे नाना म्हणत. पांढरंशुभ्र धोतर, कडक इस्त्रीचा सदरा. पाणी झालं, गूळ झाला. मी पिशवी पुढे केली. आईनं एकेक वस्तू बाहेर काढली, खणावरून हात फिरवला, टोपीकडे बघितलं आणि डोळ्याला पदर लावला. मला वाटलं, गरीब माणसं, लवकर भरून येतं.

"मूळ गाव कोनतं तुमचं?" नानांनी सुरुवात केली.

मी सांगितलं.

"आन् मामेकूळ?"

तेही सांगितलं. खेड्यात ओळख अशीच काढतात.

"मुली किती?"

"एकच," मी म्हणालो. "एम.एस्सी. झाली. नाशिकला असते."

"फोटू हाय का?"

आता बापाला मुलीचा फोटो मागितल्यावर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. मी मोबाईल काढला. एक सोडून पाच दाखवले. त्यातला एक तिच्या मैत्रिणीच्या लग्नातला, पैठणीतला. मोबाईल नानांकडून आईकडे, आईकडून ओट्यावरच्या बायकांकडे आणि तिथून आत गेला. आतून कुणीतरी हसलं. अक्का माझ्याकडे बघत होती. डोळ्यांनी काहीतरी सांगत होती. मी तिला खुणेनं सांगितलं, थांब, मुद्द्यावर येतोच.

तेवढ्यात संदीप बाहेर आला. सावळा, उन्हानं रापलेला, नवा शर्ट. नमस्कार करून समोर बसला आणि जमिनीकडे बघायला लागला. मला धडकी भरली. नजर देत नाही, म्हणजे कंपनीचं काही खरं नाही.

"मग, कंपनी कशी चाललीय?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"एकदम झकास," उत्तर नानांनी दिलं. "सोन्याची कंपनी ती. कमी कशाला पडतंय? पोरगं साहेब हाय तिथं. हाताखाली मानसं हायेत."

"पुढे वाढेल असं वाटतं?"

"वाढंल म्हंजे! आपल्याला तर लई पुढं दिसतंय."

"पण कायम टिकणारी आहे ना? मधेच बंद पडली, असं काही..."

नाना हसले. "पाव्हणं, तुमचं काळीज कळतंय मला. कोन्चाबी बाप हेच इचारनार."

भूवैज्ञानिकाच्या कंपनीविषयी कोणताही बाप हेच का विचारेल, याचा विचार मी करायला हवा होता. पण माझं सगळं लक्ष संदीपच्या कपाळावर होतं. तिथे घाम आला होता. तो एकदम उठला.

"काका, जरा बाहेर येता? मला तुमच्याशी एकट्याशी बोलायचंय."

नाना म्हणाले, "आरं, एकट्याशी कशाला?" पण तो चालायला लागला होता. मी त्याच्या मागे. मासा गळाला लागला होता.

खाचराच्या बांधावर तो थांबला. भाताची लोंबी तोडून बोटांत चुरगाळत म्हणाला, "नाना मोठेपणा सांगतात. त्यांचा इलाज नाही, त्यांना माझं लग्न व्हावंसं वाटतं. पण मला मुलीच्या बापाला फसवायचं नाही."

मुलीच्या बापाला.

सारवलेलं अंगण, खुर्च्या, टोपी, फोटो, सगळं एकदम समोर उभं राहिलं. माझी मुलगी नाशिकला एका मुलाबरोबर लग्न ठरवून बसलेली आणि मी तिचा फोटो वाडीभर फिरवून आलो होतो. तोंड उघडायची हीच वेळ होती. 'अरे थांब, गैरसमज झालाय' एवढंच म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं, आणि मनात आलं, एक वाक्य. फक्त पुढचं एक वाक्य ऐकू. तोंड परत मिटलं.

"दिवाळीनंतर आमचा कॅम्प बंद होतोय," तो म्हणाला. "मशीन परत चाललंय. वरवर लागलं होतं थोडं, खाली गेलं की काहीच नाही. नुसता दगड. अजून बाहेर कुणाला माहीत नाही, कंपनी जाहीर करेल तेव्हा करेल. मी इकडेच परत येईन. विहिरी-बोअरची कामं मिळतील, शेती आहे. पण साहेब वगैरे काही राहणार नाही. मुलीला हे सांगा. तिला चालत असेल तरच पुढचं बोलू."

"संदीप, बाळा," मागून आवाज आला. अक्का. बांधावरून एवढं अंतर ती कशी चालत आली होती कोण जाणे. धापा टाकत होती. "पुढे बोलू नकोस. हा मुलीचा बाप आहे, पण तुझ्यासाठी मुलगी घेऊन नाही आलेला. आमचे तुझ्या कंपनीत शेअर आहेत. त्याची चौकशी करायला आलो होतो आम्ही."

मुलानं आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. आयुष्यात मी बऱ्याच जणांचा रोष घेतलाय, पण त्या नजरेत रोष नव्हता. तो घाबरला होता.

"तुमी शेअरवाले?" शहरी मराठी गळून पडली. "काका, मी काय बोलून बसलो! आतली बातमी ऐकून तुमी सोमवारी इकलं, कुनी इचारलं, तर माझं नाव येनार. मंग मला कोन्तीच कंपनी दारात उभी करनार न्हाई."

"कुणाला कळणार आहे?" मी म्हणालो. हे वाक्य मी धीर देण्यासाठी म्हणालो होतो. ऐकायला ते तसं नाही, हे मला आता कळतं.

घरात सांगायचं काम अक्कानंच केलं. उभ्यानं, हात जोडून. नानांचा चेहरा लाल झाला. "वा रे नगरकर! पोरीचा फोटू दाखवता, मामेकूळ इचारू देता, आन् मनात शेअर? जनावराच्या बाजारातबी असलं करत न्हाईत."

संदीपची आई मात्र कितीतरी वेळ पेढ्यांच्या खोक्याकडे बघत होती. "मंग पेढं कशाचं?" तिनं विचारलं.

मी चप्पल शोधायला लागलो.

"जेवान केलंय," ती म्हणाली. "उपाशी कुनाला धाडत न्हाई आमी. बसा. जाताना तेवढं पेढं घिऊन जावा."

जेवलो. घरच्या तांदळाचा भात, हरभऱ्याची आमटी, नागलीची भाकरी, खुरासणीची चटणी. इतकं चांगलं जेवण इतक्या कष्टानं मी कधी गिळलेलं नाही. नाना पाठ करून बसले होते. मी पाणी मागितलं तेही खुणेनं. ओट्यावरच्या बायका निघून गेल्या होत्या आणि लाल खुर्च्या एकेक करून आपापल्या घरी परत जात होत्या.

परतीची वाट

राजूर मागे पडलं. पेढ्यांचा खोका अक्काच्या मांडीवर. मग मीच सुरू केलं. झालं ते वाईट झालं, पण आता कळलंय ना? नवे शेअर घ्यायचे नाहीत, आणि जुने सोमवारी सकाळी बाजार उघडताच विकायचे. तुझा फ्लॅट वाचला, अक्का.

"तू विकशील ते कुणीतरी घेणारच ना?"

"म्हणजे काय."

"कोण?"

"मला काय माहीत? मुंबईचा असेल, सुरतचा असेल."

"त्याची बहीण कितव्या मजल्यावर राहते?"

"अक्का, बाजारात असं बघत नसतात."

"मी बघतेय," ती म्हणाली. "आणि त्या पोराचा घाम पाहिलास ना? आता तरी वाचता आला का चेहरा?"

मी गाडी चालवत राहिलो. प्रवरा ओलांडल्यावर तीच म्हणाली, "नवे घेणार नाही मी. न घेण्याला कुणी गुन्हा म्हणत नाही. तेवढी लबाडी पचवीन जिन्यासाठी. पण जुने विकणार नाही. आणि तूही नाही."

"माझे शेअर माझे आहेत."

"हो ना. म्हणून मी राहुरीला उतरत नाहीये. सोमवारपर्यंत तुझ्याकडेच आहे."

सावेडी

रविवारी बायकोनं खोका उघडला. "पेढे कसले?"

"भंडारदऱ्याचे," मी म्हणालो. तिनं दोन खाल्ले आणि चांगले आहेत म्हणाली.

सोमवारी बाजार उघडायच्या आधी अक्का माझ्यासमोर सोफ्यावर बसली. मांडीवर ताट, ताटात लसणाचा ढीग. मी मोबाईल हातात घेतला. ती सोलायला लागली. बाजार उघडला. नव्या शेअरच्या शेवटच्या दिवसामुळे असेल, भाव चढायला लागला. पडला असता तर मी सहन केलं असतं. चढणारा भाव बघवत नव्हता. आता दोघांचे विकले असते तर तोटा तर नाहीच, वर अक्काच्या फ्लॅटला लिफ्टच काय, बाल्कनीसुद्धा आली असती. अंगठा विकायच्या लाल बटणावर जायचा आणि यायचा. अक्का मान वर करत नव्हती. फक्त माझा अंगठा थांबला की तिची बोटंही थांबायची.

दुपारी मी उठलो.

"कुठे?"

"संडासला."

"मोबाईल ठेवून जा."

"अक्का, मी काय लहान आहे?"

"लहान असतास तर दोन फटके देऊन झोपवला असता. ठेव."

ठेवला. परत आलो तर मोबाईल जिथल्या तिथे, भाव आणखी वर, आणि लसूण संपून तिनं कांदे घेतलेले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कांद्याचं असणार. मी विचारलं, "अक्का, जिना चढवतो का गं तुला?" ती म्हणाली, "चढवत नाही. म्हणून हळू चढते."

बाजार बंद झाला. मी मोबाईल टेबलावर पालथा घातला आणि अंगठा दुखतोय हे तेव्हा लक्षात आलं. इतक्यात तो वाजला. अनोळखी नंबर.

"काका, मी संदीप. तलाठीकाकांकडून नंबर घेतला." मागे कुठेतरी कोंबडा ओरडत होता. "विकले का?"

"नाही."

"अक्कांनी?"

"त्यांनीही नाही. माझ्यासमोर बसून आहेत."

पलीकडे कोंबडा पुन्हा ओरडला.

"माझेपण आहेत, काका," तो म्हणाला. "नोकरी लागली तेव्हा आईच्या नावानं घेतले होते. ती रोज विचारते, आपलं सोनं कसं हाय. मलाही विकता येत नाहीत. बघत बसतो."

"आज फार वर गेला," मी म्हणालो.

"हो. पाहिला मी. सकाळपासून बघतोय."

मग फोन कुणी ठेवला ते आठवत नाही.

अक्कानं पदरानं डोळे पुसले. "कोण होतं?"

"भागीदार," मी म्हणालो.